काकू, कावळा आणि तेलुगू फॅमिली ड्रामा

तेलुगू सिनेमा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? हवेत उडणाऱ्या जीपगाड्या, एका बुक्कीत पंचवीस माणसं आणि हिंदी डबिंग. पण याच इंडस्ट्रीनं गेली सत्तर वर्षं घरातली भांडणंसुद्धा तेवढ्याच जोशात दाखवली आहेत. परभणी जिल्ह्यातल्या वालूरमध्ये, एका पक्क्या प्रेक्षकाशेजारी बसून केलेली ही सिनेमॅरेथॉन...

‘‘या वीकेंडला मी वालूरला चाललेय. तेलुगू पिक्चर बघायला.’’

माझ्या फ्लॅटमेटनं लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. ‘‘वालूर कुठंय?’’

‘‘सेलूजवळ.’’

‘‘सेलू कुठंय?’’

‘‘परभणीजवळ.’’

‘‘मग तिथं तेलुगू कुठून आलं?’’

‘‘काकूच्या रुखवतातून!’’

जोक नाही, खरंच. माझ्या काकूचं माहेर धर्माबादचं. नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला असलेलं, लाल मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध गाव. तिथून एक स्टेशन पुढं गेलं की बासर, म्हणजे तेलंगण. धर्माबादमध्ये लहानपण गेलेल्या माणसाला दोन भाषा येतात आणि त्यातली दुसरी आपण कधी शिकलो ते त्यालाही आठवत नाही. काकू लग्न होऊन वालूरला आली ती पितळी भांडी, दोन पैठण्या आणि तेलुगू घेऊन. भांडी मोडीत गेली, पैठण्यांचे परकर झाले. तेलुगू मात्र टिकून आहे.

आणि तसं पाहिलं तर हे सगळं एकाच रुळावर आहे. मनमाडहून निघालेली गाडी संभाजीनगर, जालना, सेलू, परभणी, नांदेड करत धर्माबादला पोचते आणि तशीच पुढं निजामाबादहून सिकंदराबादला जाते. १९५६ पर्यंत तर परभणी आणि निजामाबाद एकाच हैदराबाद राज्यातले जिल्हे होते. आपण पुण्या-मुंबईत बसून ‘साऊथचा सिनेमा’ म्हणतो तो वालूरसाठी साऊथचा नाहीच मुळी. तो शेजारचा आहे.

आता खरं कारण सांगते. फीचर हे माझं निमित्त होतं. गेली सात वर्षं माझे पप्पा आणि काका एकमेकांशी बोलत नाहीत. मीही सात वर्षांत वालूरला गेले नव्हते. ‘मला एका लेखासाठी काकूशी बोलायचंय’ असं म्हटल्यावर पप्पांनी पेपरमधून मान वर न करता ‘हं’ केलं. आमच्या घरात याला परवानगी म्हणतात.

गुंडम्माची बाजू

वालूर म्हणजे बारवेचं गाव. गोल गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची एक सुंदर जुनी बारव गावात आहे. गावकऱ्यांनीच गाळ उपसून ती मोकळी केली आणि आता लोक कॅमेरे घेऊन ती बघायला येतात. लहानपणी आम्हाला तिथं जायला बंदी होती, त्यामुळे मी आधी तिथं जाऊन आले. मग काकूकडे.

काकूनं मला पाहिलं आणि एवढंच म्हणाली, ‘‘वाळलीस गं माय.’’ मग ज्वारीची गरम धपाटी, दही आणि ठेचा. सात वर्षांवर एक अक्षर नाही. जेवणं झाली, काका शेताकडं गेले आणि दुपारी दोन वाजता आमचा फेस्टिव्हल सुरू झाला. माझा लॅपटॉप, इंग्लिश सबटायटल्स माझ्यासाठी, आणि मराठी कॉमेंट्री काकूची.

ओपनिंग फिल्म होती ‘मायाबझार’ (१९५७). के. व्ही. रेड्डींचा दिग्दर्शक म्हणून बहुधा सगळ्यात लाडका सिनेमा. एन. टी. रामाराव कृष्ण, अक्किनेनी नागेश्वर राव अभिमन्यू, सावित्री शशिरेखा आणि एस. व्ही. रंगाराव घटोत्कच. गोष्ट आपल्याला माहीत आहे, फक्त नाव वेगळं आहे. आपल्याकडचं ‘वत्सलाहरण’ म्हणजे हीच कथा! बलरामाच्या मुलीचं लग्न अभिमन्यूशी ठरलेलं असतं. पांडव द्यूतात सगळं हरतात आणि बलरामाच्या बायकोला अचानक दुर्योधनाचा मुलगा पसंत पडतो. व्यासांच्या महाभारतात हे प्रकरण नाही. ते लोकांनी आपल्या घरातलं बघून महाभारताला जोडलंय.

‘‘बघ,’’ काकू म्हणाली, ‘‘पैसा गेला की सोयरे कसे बदलतेत. देवाच्या घरात बी.’’

आणि गंमत माहितीये? पांडवांच्या नशिबावर चाललेल्या या सिनेमात पांडव एकदाही पडद्यावर दिसत नाहीत. ज्यांच्यावरून भांडण चाललंय ते खोलीतच नाहीत! कोणत्याही एकत्र कुटुंबात राहिलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

दुसरा होता ‘गुंडम्मा कथा’ (१९६२). यातली गुंडम्मा म्हणजे सूर्यकांतम. आपल्याकडे ललिता पवारांना पाहून बायका बोटं मोडायच्या ना, तसंच तेलुगू घरांत सूर्यकांतमचं. तिच्या धाकानं लोक मुलींचं नाव सूर्यकांतम ठेवेनासे झाले, असं तिकडं गमतीनं सांगतात. सिनेमात गुंडम्मा सावत्र मुलीला मोलकरणीसारखं राबवते, सख्खीला लाडावते आणि मग दोन भाऊ वेष पालटून येऊन तिची खोड मोडतात. फुल कॉमेडी. मी खो खो हसत होते. काकू हसत नव्हती.

‘‘काय झालं? आवडला नाही का?’’

‘‘आवडला की. पन तिची बाजू कुनीच बघंना. नवरा मेलेला, पदरात दोन पोरी, एवढा बारदाना एकटीच सांभाळूलाली. गोड बोलली असती तर लोकांनी घराचं दार बी ठेवलं नसतं. बाईची जीभ कामून तिखट होती, हे एकाला बी इचारावं वाटंना.’’

बॉस! फिल्म स्टडीजच्या पेपरमध्ये मी दहा पानं लिहूनही हे लिहू शकले नव्हते.

आत्याबाई आणि मामंजी

तेलुगू फॅमिली फिल्म बघताना सबटायटल्सचा गोंधळ उडतो तो नात्यांपाशी. ‘अत्ता’ या शब्दाचं भाषांतर कधी ‘आंटी’ येतं, कधी ‘मदर-इन-लॉ’. ‘मामा’ कधी ‘अंकल’, कधी ‘फादर-इन-लॉ’. इंग्रजी वाचणारा चक्रावतो. मराठी माणसाला मात्र काहीच अडचण यायला नको. आपल्या आज्या सासूला काय म्हणायच्या? आत्याबाई. सासऱ्यांना? मामंजी. आत्याच्या मुलाशी लग्न झालं की आत्या हीच सासू आणि तिचा नवरा हाच सासरा. सिंपल!

इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवर जे पुस्तक लिहिलं त्यात त्यांनी देशाचे विभाग पाडले आणि महाराष्ट्राला मधल्या विभागात ठेवलं. म्हणजे भाषा उत्तरेची आणि लग्नाच्या काही रीती दक्षिणेच्या. काकूच्या सोफ्यावर बसून मला हे पहिल्यांदा नीट कळलं. अभिमन्यू शशिरेखेशी लग्न करतो म्हणजे काय? मामाच्या मुलीशी करतो. हिंदी सिनेमात असं झालं तर अर्धं थिएटर दचकेल. वालूरमध्ये कुणाची भुवईही वर जात नाही.

म्हणूनच ‘अत्तारिंटिकी दारेदी’ (२०१३) हे नाव काकूला फार आवडतं. ‘आत्याच्या घरची वाट कुठली?’ एवढाच त्याचा अर्थ. पवन कल्याणचा हीरो परदेशातून येतो आणि रुसून गेलेल्या आत्याला आजोबांकडे परत नेण्यासाठी तिच्या घरी ड्रायव्हर म्हणून राहतो. सिनेमा कुठल्या कुठं भरकटतो, हाणामारीही आहे, पण मुळात गोष्ट काय? लेक माहेरी येत नाही, म्हणून सगळा खटाटोप.

‘‘आन आपल्याकडं?’’ काकू म्हणाली. ‘‘लेक आली न्हाई तर म्हनतेत, बरं झालं, हिस्सा मागायला आली न्हाई.’’

जेनेलियाचं घर

चहाच्या ब्रेकनंतर आम्ही आमच्या पिढीत आलो. ‘बोम्मरिल्लु’ (२००६). तुमच्या ऑफिसमधल्या कुणाही हैदराबादी कलीगसमोर हे नाव घ्या आणि त्याचा चेहरा बघा. बोम्मरिल्लु म्हणजे बाहुल्यांचं घर. सिद्धार्थचा बाप (प्रकाश राज) इतका प्रेमळ आहे की मुलाचे कपडे, करिअर आणि बायको, सगळं तोच निवडतो. साखरपुडा एकीशी झालेला आणि प्रेम बडबड्या हासिनीवर. मग हासिनीनं आठवडाभर त्या घरात राहून घरच्यांची मनं जिंकायची, अशी ही गोष्ट. सिनेमा इतका चालला की ‘बोम्मरिल्लु फादर’ हा तेलुगूत रोजच्या बोलण्यातला शब्द झाला. तुमच्यासाठी सगळं करणारा आणि तुम्हाला काहीच न विचारणारा बाप!

हासिनी झालेली जेनेलिया पुढं २०१२ मध्ये रितेश देशमुखशी लग्न करून लातूरची सून झाली. दोघांचा ‘वेड’ (२०२२ च्या शेवटी) आपण सगळ्यांनी पाहिला, रडलो, रिंगटोन ठेवली. पण तो ‘मजिली’ (२०१९) या तेलुगू सिनेमाचा रीमेक आहे हे किती जणांना माहीत होतं? अशा मागच्या दारानं आलेल्या खूप तेलुगू गोष्टी आपल्या घरात आधीपासून राहतात. ‘जुदाई’तली (१९९७) नवरा विकणारी श्रीदेवी आठवते? ती मूळची ‘शुभलग्नम’ (१९९४) मधली. त्याही मागं जा. ‘मिस मेरी’ (१९५७) हा एल. व्ही. प्रसादांच्या ‘मिस्सम्मा’चा (१९५५) हिंदी अवतार. आणि हे प्रसाद तरुणपणी मुंबईतच धडपडत होते. ‘आलम आरा’त (१९३१) त्यांनी छोटी भूमिकाही केली होती.

उलट दिशेनंही ट्रॅफिक आहेच. अल्लू अर्जुनच्या ‘अला वैकुंठपुरमुलो’मध्ये (२०२०) तब्बूचे वडील कोण? आपले सचिन खेडेकर! ‘सीता रामम’ (२०२२) आणि ‘हाय नान्ना’तली (२०२३) मृणाल ठाकूर मूळची धुळ्याची. आणि सातारा जिल्ह्यातल्या सयाजी शिंदेंना तर आंध्रातली माणसं आपलाच व्हिलन समजतात.

‘बोम्मरिल्लु’चा शेवट येतो तेव्हा मुलगा बापासमोर उभा राहून पहिल्यांदा सगळं बोलून टाकतो. मी काकूकडे पाहिलं. ती टीव्हीवरची धूळ पुसत असल्यासारखं करत होती.

‘‘बोलला ते बरं झालं,’’ ती म्हणाली. ‘‘आपल्या घरातले बोलत न्हाईत. बोलनं बंद करतेत.’’

भांडी कोण घासतं?

दुसऱ्या दिवशी गेल्या दहा-बारा वर्षांतले सिनेमे. आणि इथं काकूची खरी टीका सुरू झाली.

‘सीतम्मा वाकिट्लो सिरिमल्ले चेट्टु’ (२०१३). वेंकटेश आणि महेश बाबू सख्खे भाऊ. त्यांना नावंच नाहीत. एकाला सगळे ‘पेद्दोडु’ म्हणतात, दुसऱ्याला ‘चिन्नोडु’. थोरला आणि धाकटा, बस्स. दोघांत अबोला होतो आणि भद्राचलमला रामाच्या लग्नाच्या गर्दीत तो सुटतो. ‘शतमानं भवति’मध्ये (२०१७) गावातले म्हातारा-म्हातारी, परदेशी गेलेली मुलं आणि त्यांना संक्रांतीला घरी आणण्यासाठी म्हाताऱ्यानं उठवलेली घटस्फोटाची आवई. या सिनेमाला निखळ मनोरंजनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही सिनेमे बघताना गाव इतकं हिरवं आणि घर इतकं मोठं दिसतं की लगेच राजीनामा द्यावासा वाटतो.

‘‘एवढी मानसं घरात,’’ काकू म्हणाली. ‘‘तीस ताटं वाढली. जेवली. हात धुतले. गानं सुरू! मला एक सांग, भांडी कुनी घासली?’’

मी अक्षरशः पॉज करून शोधलं. भांडी कुणीच घासत नव्हतं. सगळ्या बायका सिल्कच्या साड्यांत, केसात गजरे, हातात लाडूंचं ताट. ही आहे नव्या तेलुगू फॅमिली फिल्मची गोची. जुन्या सिनेमात कुटुंब म्हणजे कटकट होती आणि त्या कटकटीतून विनोद यायचा. नव्यात कुटुंब म्हणजे लग्नाचा अल्बम. त्यात ‘एफ-२’सारखे (२०१९) सिनेमे आले की बायको म्हणजे डोक्याला ताप, या एकाच जोकवर अडीच तास निघतात. ‘संक्रांतिकी वस्तुन्नाम’ (२०२५) त्याच दिग्दर्शकाचा, अनिल रावीपुडीचा. पुन्हा वेंकटेश, पुन्हा बायको आणि जुनी गर्लफ्रेंड यांच्यात सँडविच. चालला प्रचंड. काकूनं अर्ध्यातच उठून कुकर लावला.

पण सगळंच तसं नाही. शेखर कम्मुलाचा ‘फिदा’ (२०१७) काकूनं तीनदा पाहिलाय. साई पल्लवीची भानुमती बांसवाड्याची. निजामाबादच्या त्या पट्ट्यातली तेलुगू ती ठसक्यात बोलते, शहरी नाही. आधी ही बोली सिनेमात विनोदासाठी किंवा गुंडांसाठी असायची, इथं ती थेट हिरॉईनच्या तोंडी आली. ही भानुमती लग्नासाठी बापाला आणि गावाला सोडायला तयार नाही. शेवटी अमेरिकेतला डॉक्टर हीरोच तिच्या गावात येऊन राहतो.

‘‘जावाई आला घरी!’’ काकूनं टाळी वाजवली. ‘‘आसं एक तरी व्हावं का न्हाई?’’

आणि काकूचं बोलणं ऐकताना माझ्या लक्षात आलं, भानुमतीची बोली म्हणजे तिच्या माहेरच्या गल्लीची बोली. ती सिनेमा बघत नव्हती, माहेरी जाऊन येत होती.

वीकेंड वॉचलिस्ट : काकूचे स्टार्स

मायाबझार (१९५७) : पाच स्टार. घटोत्कच लग्नाचं जेवण एकटा फस्त करतो त्या गाण्याला जास्तीचा एक. २०१० मध्ये रंगीत करून पुन्हा आला होता, पण काकू म्हणते काळा-पांढराच बघा.

गुंडम्मा कथा (१९६२) : चार. गुंडम्माची बाजू घेऊन बघितल्यास पाच.

शंकराभरणम (१९८०) : पाच. के. विश्वनाथांचा सिनेमा, आत गाणं आणि बाहेर घर. बघताना फोन बाजूला ठेवा.

अहा ना पेळ्ळंटा (१९८७) : चार. जंध्यालांची कॉमेडी. कोटा श्रीनिवास राव यांचा चिकट सासरा कोंबडी वर टांगतो आणि तिच्याकडे बघत नुसता भात खातो. आपल्या प्रत्येकाच्या नात्यात असा एक आहे.

बोम्मरिल्लु (२००६) : चार. वडिलांबरोबर बघायचं धाडस असेल तर पाच.

पेळ्ळी चूपुलु (२०१६) : साडेतीन. ‘पोरगी बघायला’ चुकीच्या पत्त्यावर गेलेला पोरगा आणि फूड ट्रक. लग्नाच्या प्रेशरखाली असलेल्यांसाठी.

बलगम (२०२३) : काकूनं स्टार दिले नाहीत. का, ते पुढं.

कावळा

‘बलगम’ मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. बलगम म्हणजे आपल्या माणसांचा गोतावळा. वेणू येल्दंडी या विनोदी नटानं दिग्दर्शित केलेला हा पहिलाच सिनेमा. सिल्कच्या साड्या नाहीत, पंचवीस खोल्यांचा वाडा नाही. तेलंगणातलं साधं खेडं, कौलारू घर आणि दारात गेलेला एक म्हातारा.

म्हातारा कोमुरय्या जातो आणि त्याच्या दिवसांचे विधी सुरू होतात. पिंड ठेवला जातो. कावळा येतो, झाडावर बसतो, शिवत मात्र नाही. पुन्हा ठेवतात, पुन्हा तेच. गावात कुजबुज सुरू होते. म्हाताऱ्याचं काय राहिलं? राहिलेलं हे असतं की त्याचा जावई आणि मुलगे वीस वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आणि कशावरून? जेवताना मटणातली नळी कुणाच्या ताटात पडली, त्यावरून.

शेवटाला बुडगा जंगम कलावंत नवरा-बायको येऊन मेलेल्या माणसाच्या तोंडचं गाणं गातात आणि एकेक जण फुटतो. तेलंगणात गावोगावी चौकात पडदे लावून लोकांनी हा सिनेमा एकत्र बघितला. आणि महाराष्ट्रात? त्याच वर्षी ‘बाईपण भारी देवा’साठी आपल्याकडच्या बायका नटूनथटून थिएटरात गेल्या होत्या. म्हणजे कुटुंबाची गोष्ट बघायला लोक तयार आहेत, फक्त ती आपल्या घरासारखी दिसायला हवी. ‘बलगम’ तर आपल्या घराची झेरॉक्स आहे. पिंडाला कावळा शिवणं आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. सबटायटलवाले तिथं काय लिहितात याचीही गरज नाही.

कावळा पहिल्यांदा न शिवता उडाला तेव्हा काकूनं पदर तोंडाला लावला.

‘‘आबांच्या टायमाला आसंच झालं होतं,’’ ती म्हणाली.

आबा म्हणजे माझे आजोबा. २०१२ साली गेले तेव्हा मी शाळेत होते. घाटावर बायका नसतात, त्यामुळे आम्हाला काहीच माहीत नव्हतं. काकूला काकांनी रात्री सांगितलं होतं. पिंड ठेवून तास झाला, दीड तास झाला. कावळे वर घिरट्या घालत होते, एकही खाली येईना. लोक म्हणायला लागले, शेताचं बोला, लेकीचं बोला. सगळं बोलून झालं. शेवटी दर्भाचा कावळा करायची तयारी सुरू झाली तेव्हा पप्पांनी काकांचा हात धरला आणि दोघं मिळून म्हणाले, ‘आबा, आम्ही दोघं एकत्र राहू. काळजी करू नका.’

‘‘आन लगेच शिवला,’’ काकू म्हणाली.

मग सहा वर्षांनी, २०१८ मध्ये, चुलतबहिणीचं लग्न ठरलं. पत्रिका छापून आल्या. ‘आपले नम्र’च्या खाली नातेवाइकांची भलीमोठी यादी. त्यात पप्पांचं नाव नव्हतं. थोरला भाऊ, आणि नावच नाही! छापणाऱ्यानं एक ओळ खाल्ली होती, असं काका म्हणाले. मुद्दाम गाळलं, असं पप्पा म्हणाले. पुन्हा छापायला वेळ होता, असं आई म्हणाली. पैसे नव्हते, असं काकू कुणालाच म्हणाली नाही. ते तिनं मला त्या दुपारी पहिल्यांदा सांगितलं. पप्पा लग्नाला गेले नाहीत. तिथून पुढं सात वर्षं.

स्क्रीनवर कावळा पुन्हा उडाला. काकू माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘आपन कावळ्याला खोटं बोललो, बाई.’’

मी पॉज केलं. आम्ही पुढचं संध्याकाळी बघितलं, काका आल्यावर. ते दाराशी चपला घालूनच उभे राहिले, ‘मला तेलुगू येत न्हाई’ म्हणाले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत.

एका हाडावरून

परतताना मी संभाजीनगरला घरी उतरले. वालूरची धपाटी डब्यात होती. आईनं डबा उघडला, वास घेतला आणि काही न बोलता तव्यावर गरम करायला ठेवली. पप्पांनी दोन खाल्ली. कुणाच्या हातची, ते विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, आमच्याकडे धपाट्यात एवढे तीळ कुणी घालत नाही.

रात्री मी टीव्हीला लॅपटॉप जोडला. ‘‘लेखाचं काम आहे, सबटायटल्स चेक करायचेत,’’ असं सांगून ‘बलगम’ लावला. पप्पा आरामखुर्चीत होते. इंग्लिश वाचायला त्यांना वेळ लागतो, म्हणून मधेमधे मी सांगत होते. म्हातारा गेला, दिवस सुरू झाले. मग ते वीस वर्षांपूर्वीचं जेवण आलं. ताटं, हशा, नळी, शब्दाला शब्द आणि उठून गेलेला जावई.

पप्पा हसले. ‘‘एका हाडावरून?’’

मला खूप काही म्हणायचं होतं. सिद्धार्थसारखं उभं राहून, सगळं, एका दमात. प्रत्यक्षात मी रिमोटची बटणं चाचपत बसले आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, ‘‘काही घरांत पत्रिकेवरून.’’

स्वयंपाकघरात आईचा हात थांबला, ते मला ऐकू आलं. पप्पा काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. कावळा आला, बसला, उडाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. गाणं सुरू झालं तेव्हा मी भाषांतर थांबवलं. त्यांना ते लागत नव्हतं.

सिनेमा संपला, नावं वर सरकायला लागली. मी स्क्रीनकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठं बघावं ते कळत नव्हतं. तेलुगू सिनेमात या जागी दोन भाऊ पळत येऊन मिठी मारतात, मागं सनई वाजते. आमच्याकडे पंख्याचा आवाज येत होता.

बऱ्याच वेळानं पप्पा म्हणाले, ‘‘त्याची ज्वारी कशीय औंदा?’’

सात वर्षांत पहिल्यांदा. नाव नाही, ‘त्याची’ एवढंच. पण ‘त्याची’ म्हणजे कुणाची, हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

‘‘बरी आहे,’’ मी म्हटलं. ‘‘तुम्हीच विचारा ना.’’

‘‘हं,’’ पप्पा म्हणाले.

आमच्या घरात याला काय म्हणतात, ते तुम्हाला सांगितलंच आहे.